मॅटर्निटी लीव्ह कधीपासून सुरू करावी?

सातवा महिना लागला की घरात ओटभरणाची तारीख निघते, माहेरचे फोन वाढतात आणि नोकरी करणाऱ्या बाईला कामावर रोज कुणी ना कुणी विचारतं, "मग, रजेवर कधीपासून?" बहुतेक जणी याचं उत्तर दुसऱ्याकडून घेतात. मागच्या वर्षी शेजारच्या टेबलवरची आठव्यात गेली म्हणून आपणही आठव्यात. सासूबाई म्हणतात सातव्यातच घरी बस. साहेब म्हणतात मार्च एंड तेवढा होऊ दे. डॉक्टर म्हणतात तब्येत चांगली आहे, काम चालू ठेवा. सगळे आपापल्या जागी बरोबर असतात, पण त्या बाईचं काम, तिची तब्येत आणि तिच्या हातातले रजेचे आठवडे हे सगळं एकत्र मांडून कुणी पाहिलेलं नसतं.

माझं म्हणणं असं की ही तारीख "कितवा महिना" यावरून ठरवूच नये. उलट बाजूनं मोजत यावं. बाळ किती आठवड्यांचं असताना मला परत कामावर जायचं आहे, हे आधी ठरवावं. मग काम, ऊन, प्रवास आणि तब्येत बघून ती तारीख पुढे-मागे करावी.

आधी आठवड्यांचा हिशेब

कारखान्यात, किंवा दहा वा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानात, शाळेत, हॉस्पिटलात, कंपनीत काम करणाऱ्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात आधी ती १२ आठवड्यांची होती, २०१७ मध्ये २६ झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण आठवड्यांचे आकडे तेच आहेत.

यात दोन गोष्टी नीट लक्षात घ्यायच्या. एक, २६ आठवडे ही एकच पुंजी आहे. बाळंतपणाआधीची रजा वेगळी आणि नंतरची वेगळी असं काही नाही. आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या आठवड्यांतून वजा होतो. दोन, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त ८ आठवडेच घेता येतात. हे ८ आठवडे म्हणजे वरची मर्यादा आहे. "आठ आठवडे आधी जावंच लागतं" असं पुष्कळ ठिकाणी ऑफिसातला क्लार्कसुद्धा सांगतो, तसं अजिबात नाही. बंधन आहे ते दुसऱ्या टोकाला: बाळंतपणानंतरचे पहिले ६ आठवडे बाईला कामावर घेता येत नाही आणि तिनंही काम करायचं नाही.

आता कॅलेंडर घेऊन बसा. समजा डॉक्टरांनी १५ जून ही तारीख दिली आहे.

पूर्ण ८ आठवडे आधी रजा घेतली तर ती २० एप्रिलला सुरू होते. १९ ऑक्टोबरला कामावर हजर व्हायचं. बाळ तेव्हा १८ आठवड्यांचं, म्हणजे चार महिन्यांहून थोडं मोठं.

४ आठवडे आधी, म्हणजे १८ मेपासून घेतली तर १६ नोव्हेंबरला हजर व्हायचं. बाळ २२ आठवड्यांचं.

२ आठवडे आधी, १ जूनपासून घेतली तर ३० नोव्हेंबर. बाळ २४ आठवड्यांचं, साडेपाच महिन्यांचं.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, पाणीसुद्धा वेगळं देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपली आशाताईही तेच सांगते. सहा महिने म्हणजे साधारण २६ आठवडे. १८ आठवड्यांच्या बाळाला घरी ठेवून कामावर जायचं तर जवळजवळ दोन महिने दूध काढून ठेवणं, ते फ्रिजमध्ये साठवणं, घरच्यांनी वाटी-चमच्यानं पाजणं हे सगळं जमवावं लागतं. साडेपाच महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत ही ओढाताण जेमतेम दोन आठवड्यांची असते. लवकर रजा घेतल्याची खरी किंमत हीच आहे, आणि ती सातव्या-आठव्या महिन्यात कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष पोटाकडे असतं.

या २६ आठवड्यांत रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही धरल्या जातात. त्या वेगळ्या मिळत नाहीत, पण त्या दिवसांचा लाभही कापता येत नाही. रविवारचे पैसे कापायचे नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच ठरवून दिलं आहे.

दोन मुलं हयात असताना तिसरं बाळंतपण असेल तर रजा १२ आठवड्यांची, आणि त्यातले आधी जास्तीत जास्त ६ घेता येतात. इथे तर आधीचा एकेक आठवडा फार जपून वापरावा लागतो.

आठवडे मोजतात कसे

"मला आठवा चालू आहे" म्हणजे नक्की कितवा आठवडा, यात घरोघरी घोळ असतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यात ९ महिने ७ दिवस मिळवले की अपेक्षित तारीख येते. एकूण ४० आठवडे. ८ सप्टेंबरला शेवटची पाळी आली असेल तर तारीख १५ जून. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरची तारीख जास्त भरवशाची. नंतरच्या सोनोग्राफींत तारीख पुढे-मागे दिसते, म्हणून दर वेळी रजेचा अर्ज बदलायला धावू नका.

आणि ही तारीख म्हणजे अंदाज आहे. बरोबर त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळ कधीही येऊ शकतं, आणि जगभरात दहातलं एक बाळ त्याच्याही आधी येतं. म्हणून "दुखायला लागलं की तिथूनच रजा" हा बेत मला पटत नाही, विशेषतः पहिलटकरणीच्या बाबतीत. सगळं सुरळीत असेल आणि काम बैठं असेल तर ३६ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान रजा सुरू करणं हा माझ्या मते चांगला मधला मार्ग आहे. पण "सगळं सुरळीत" आणि "काम बैठं" यातच खरी गोम आहे.

काम कोणतं, यावर निम्मं ठरतं

सोलापुरात बाई नोकरी करते म्हणजे ती बँकेत खुर्चीवर बसलेली असते असं नाही. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात कांडी भरणारी, शिलाई-घडी-पॅकिंग करणारी आहे. युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये दिवसभर मशीनवर वाकून बसणारी आहे. नवी पेठेतल्या कापड दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत उभी राहून साड्या उलगडून दाखवणारी आहे. हॉस्पिटलात नाइट ड्युटी करणारी सिस्टर आहे, अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोलीच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारी आहे, आणि फळ्यासमोर सहा-सहा तास उभी असणारी शिक्षिका आहे.

तासन्‌तास उभं राहणं, जड उचलणं, वारंवार वाकणं आणि रात्रपाळी यांमुळे वेळेआधी बाळंत होण्याचा धोका थोडा वाढतो. "थोडा" हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. घाबरून पाचव्या महिन्यात नोकरी सोडण्याइतका तो नाही, आणि "आमच्या वेळी आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत धुणी धुतली" म्हणत उडवून लावण्याइतका लहानही नाही.

इथे कायद्यातली एक तरतूद फार उपयोगी आहे आणि ती जवळजवळ कुणीच वापरत नाही. अपेक्षित तारखेच्या सुमारे दहा आठवडे आधीपासून, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून, बाईनं मागणी केली तर तिला कष्टाचं काम किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. काम हलकं दिलं म्हणून पगारही कापता येत नाही. पण मागणी तिनं करायची असते. काउंटरवर उभी राहणारी मुलगी बिलिंगला बसू शकते. शिक्षिकेला मैदानावरची आणि जिन्यांची ड्युटी टाळून खुर्चीत बसून शिकवता येतं. सिस्टरची रात्रपाळी बदलून ओपीडी मिळू शकते. असं काम बदलून मिळालं तर रजेचे चार आठवडे वाचतात, आणि ते पुढे बाळाच्या वाट्याला येतात. रजा लवकर घेण्याआधी हा दरवाजा ठोठावून बघाच. तोंडी सांगू नका, दोन ओळींचं पत्र द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

पीस-रेटवर, म्हणजे नगावर मजुरी घेणाऱ्या बायकांसाठी अजून एक बारकावा. रजेतला पगार ठरतो तो रजा सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत जितके दिवस काम केलं, त्या दिवसांच्या सरासरी मजुरीवर. महिन्याचा ठरलेला पगार असेल तर यानं फरक पडत नाही. पण नगावर काम करणारी आठव्या महिन्यात हात मंदावल्यामुळे रोजचे कमी नग काढत असेल, तर तिची सरासरी खाली येते आणि पुढचे सहा महिने लाभ त्या कमी सरासरीनं मिळतो. अशा बाईनं अंगाला न झेपणारं काम ओढत शेवटपर्यंत थांबण्यात पैशाचाही फायदा नसतो. तिनं थोडं आधी थांबलेलंच बरं.

आणि विडी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या हजारो घरांत विडी वळली जाते. सूप मांडीवर, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, आणि हजारावर मजुरी. ही बाई स्वतःला "नोकरीवाली" समजतच नाही, त्यामुळे रजेचा विचारच तिच्या मनात येत नाही. पण घरी बसून विडी वळणाऱ्या कामगार बाईलाही मातृत्व लाभ लागू होतो, हे १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. तिचं कार्ड, मजुरीच्या नोंदी, पीएफचा नंबर हे कागद जपून ठेवणं म्हणूनच फार महत्त्वाचं. तब्येतीच्या बाजूनं बोलायचं तर तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं आणि धूळ श्वासातून जाते. या कामाला "बसून करायचं हलकं काम" म्हणणं चूक आहे. घरात दुसरं कुणी वळणारं असेल तर गरोदर बाईनं निदान तंबाखूचा हात थांबवावा, आणि हे शेवटच्या महिन्याची वाट न पाहता.

ऊन

रजेच्या तारखेवर लिहिताना हवामानाचा विचार पुण्या-मुंबईत कदाचित कुणी करणार नाही. सोलापुरात तो करावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळीसच्या वर असतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मशीन चालू असेल तर आतली धग बाहेरच्याहून जास्त. गरोदरपणात शरीर आधीच जास्त उष्णता तयार करत असतं. घामातून पाणी गेलं आणि प्यायला कमी पडलं की चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो, आणि पोट आवळून आल्यासारखं वारंवार होऊ लागतं.

वरच्या उदाहरणातली १५ जून तारीख मी म्हणूनच घेतली. नुसत्या हिशेबानं पाहिलं तर १ जूनपासून रजा घेणं फायद्याचं. पण ती बाई जर दुपारी बारा वाजता विजापूर रोडवरून स्कूटीवर किंवा सिटी बसनं, बस चुकली की शेअर रिक्षात दाटीनं बसून जात असेल आणि पत्र्याखाली काम करत असेल, तर मी तिला एप्रिलच्या शेवटीच थांब म्हणेन. तीच बाई एसी ऑफिसात असेल, सकाळी लवकर पोहोचत असेल आणि नवरा सोडायला येत असेल, तर मेअखेर चालेल. डिसेंबर-जानेवारीतलं बाळंतपण असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

शिक्षिकांना उन्हाळी सुट्टीचा वेगळा हिशेब असतो. सुट्टी आणि रजा कशी जोडायची, सुट्टी रजेत धरली जाते की नाही, हे संस्थेच्या नियमाप्रमाणे बदलतं. मुख्याध्यापकांकडून ते लेखी घ्या. स्टाफरूममधल्या माहितीवर विसंबू नका.

माहेर

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज आणि तो मला मनापासून आवडतो. बाळंतिणीला आईच्या हातचं डिंकाचं, अळिवाचं, शेपूचं मिळावं, रात्री बाळ रडलं तर उठणारं हक्काचं माणूस असावं, यासारखं औषध नाही. पण पुष्कळ जणींची रजा आठ आठवडे आधी सुरू होते ती तब्येतीमुळे नव्हे, तर "ओटभरण झालं की मुलीला घेऊन जातो" म्हणून. मग ती बार्शीला, पंढरपूरला, अक्कलकोटला किंवा पलीकडे विजयपूरला जाऊन दोन महिने नुसती बसते, आणि बाळ साडेचार महिन्यांचं होण्याआधीच हातातली रजा संपते.

या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. सातव्यात ओटभरण करून घ्या, आठवडाभर माहेरपण करा, ते साध्या रजेत बसतं. मग परत येऊन काम करा आणि ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान माहेरी जा. त्याहून उशीर लांबच्या प्रवासासाठी बरा नव्हे. सोलापुरातच माहेर असेल, साखर पेठेतून जुळे सोलापूरला जायचं असेल, तर प्रवासाची अडचणच नाही. माहेर पुण्यात आणि नोकरी सोलापुरात, किंवा उलट असेल, तर रजेची तारीख या प्रवासाला बांधलेली असते, आणि ते हिशेबात धरूनच चालावं. शक्य तो रेल्वे बरी, उठून दोन पावलं चालता येतं. रस्त्यानं जायचं झालं तर दर दीड-दोन तासांनी थांबा.

माहेरी जाण्याआधी तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून नाव नोंदवा. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगटाचा आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट एका फाइलमध्ये सोबत ठेवा. ईएसआयमध्ये, म्हणजे पगारातून कापून घेतल्या जाणाऱ्या सरकारी कामगार विमा योजनेत, असाल तर गाव बदलल्यावर कोणत्या दवाखान्यातून कागद द्यायचे, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

तब्येतच ठरवते तेव्हा

काही वेळा या सगळ्या हिशेबाला अर्थ उरत नाही आणि तो उरूही नये. रक्तदाब १४०/९० च्या वर जायला लागला, वार (प्लासेंटा) खाली आहे, गर्भाशयाचं तोंड आखूड आहे म्हणून टाका घातला आहे, जुळं आहे, हिमोग्लोबिन फार खाली गेलं आहे, बाळाची वाढ मागे आहे किंवा आधीचं बाळ वेळेआधी झालं होतं, तर डॉक्टर सांगतील तो दिवस. जुळी बहुधा ३७ व्या आठवड्याच्या आसपास किंवा आधीच येतात, तेव्हा तिथे ३६ पर्यंत थांबण्याचा बेतच चुकीचा.

डॉक्टरांनी अठ्ठावीसाव्या आठवड्यातच आराम सांगितला तर? २६ आठवड्यांतले ८ तेव्हा सुरू होत नाहीत, कारण अपेक्षित तारखेला अजून १२ आठवडे असतात. इथे दोन वाटा आहेत. आजारपणाची किंवा साठलेली हक्काची रजा आधी वापरा. आणि गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, वेळेआधी झालेल्या बाळंतपणासाठी, डॉक्टरांच्या दाखल्यावर एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा कायद्यातच आहे. ती २६ आठवड्यांच्या वर मिळते. ईएसआयमध्येही ही तरतूद आहे. अर्जात "प्रकृती ठीक नसल्यामुळे" एवढंच मोघम लिहू नका. दाखल्यावर आजाराचं नाव आणि तो गरोदरपणामुळे झाल्याचं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर ऑफिस ते दिवस सरळ बिनपगारी टाकतं.

रजा दूर असो की जवळ, काही लक्षणांना त्याच दिवशी दवाखाना: जोरात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, चेहऱ्यावर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, ३७ आठवड्यांच्या आत ठरावीक वेळानं पोट आवळून येणं. "शिफ्ट संपू दे, मग जाते" असं म्हणू नका. १०८ ला फोन करता येतो, आणि गरोदर बाईंसाठी १०२ ची गाडी आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. खासगी डॉक्टर असले तरी दुसरं मत म्हणून तिचा उपयोग होतो.

कुणाला कोणता नियम

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर पैसे मालक देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. आठवडे तेच २६ आणि आधी जास्तीत जास्त ८. अट अशी की मागच्या दोन सलग वर्गणी कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. ईएसआय नसेल तर मालकानं द्यायचे, आणि अट अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस कामाची. पुष्कळ जणींना "एक वर्ष पूर्ण झालं नाही, तुला मिळणार नाही" असं सांगितलं जातं. ते खोटं आहे. ८० दिवस पुरतात.

कंत्राटी म्हणून नकार देणं हेही चालत नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ मिळतो असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं, आणि कराराची मुदत मध्येच संपली तरी लाभ पूर्ण द्यायचा असं २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना दोनपेक्षा कमी मुलं हयात असताना १८० दिवसांची पूर्ण पगारी प्रसूती रजा आहे, आणि ती दुसऱ्या रजेला जोडून घेता येते. अर्जित रजा शिल्लक असेल तर आधीचे दिवस त्यातून काढावेत आणि १८० दिवस शक्य तितके बाळासाठी ठेवावेत.

ज्यांना यातलं काहीच नाही, म्हणजे घरकाम करणाऱ्या, शेतमजूर, दोन-चार माणसांच्या दुकानात असणाऱ्या, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे: पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. नोंदणी अंगणवाडीत किंवा आशाताईकडून होते. एवढ्या पैशात सहा महिने घरी बसता येत नाही हे मला कळतं. पण निदान शेवटचे काही आठवडे डोक्यावर ओझं घेऊ नये, इतकं तरी त्यातून व्हावं.

ठरलेली तारीख बदलली तर

बाळ आधी आलं तर रजा त्या दिवसापासून सुरू झाली असं धरतात आणि २६ आठवडे पूर्ण मिळतात. उशिरा आलं तर पुढचे तेवढे दिवस कमी होतात, एकूण २६ च राहतात. म्हणून ज्यांना पूर्ण ८ आठवडे आधी जायचं आहे त्यांनी हेही धरून चालावं की बाळ आठवडाभर लांबलं, तर परत जाताना ते १७ आठवड्यांचंच असेल.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण माहीत असावी. गर्भपात झाला तर दाखल्यावर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. आणि गरोदरपणाच्या २६ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मलं तर कायद्यानं ते बाळंतपणच आहे. रजेचा हक्क जात नाही. "आता बाळच नाही तर रजा कशाला" असं कुणी म्हटलं तर घरच्यांपैकी कुणीतरी पुढे होऊन तिच्या वतीनं बोलावं. त्या बाईला त्या दिवसांत हे भांडण करायला लावू नये.

अर्ज

अर्ज तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला द्या, रजा नंतर सुरू होणार असली तरी. त्यात अपेक्षित तारीख, रजा कोणत्या दिवसापासून, आणि तुमच्या वतीनं पैसे कुणी घ्यायचे त्याचं नाव. सोबत डॉक्टरांचा दाखला. एक ओळ जरूर घाला: "प्रकृतीच्या कारणानं अथवा बाळंतपण आधी झाल्यास रजा त्या दिवसापासून धरावी." अर्ज द्यायचा राहिला आणि बाळंत झालात, तरी नंतर देता येतो. हक्क बुडत नाही. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

बाळंतपणाआधीच्या आठवड्यांचे पैसे आगाऊ आणि उरलेले बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे, असा नियम आहे. बहुतेक कंपन्या दर महिन्याला पगारासारखेच देतात. तेही चालतं, फक्त कसे देणार ते आधी विचारून ठेवा. मालकानं गरोदरपणातली आणि नंतरची तपासणी मोफत दिली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही मागायचा असतो. पैसे अडवले किंवा रजाच नाकारली, तर सोलापुरातल्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागत नाही.

परत येण्याबद्दलही अर्ज देतानाच बोलून घ्या. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी किंवा काढण्यासाठी सुट्टी मिळते. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी लागते आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटता येतं. कामाचं स्वरूप तसं असेल तर २६ आठवड्यांनंतर काही काळ घरून काम करण्याचंही मालकाशी ठरवता येतं. पाळणाघर जवळ आहे, किंवा सासूबाई बाळ घेऊन दुपारी येऊ शकतात, अशी सोय असेल तर १८ आठवड्यांचं बाळ सोडून जाणं तितकं कठीण राहत नाही, आणि मग आधीचे आठही आठवडे आराम म्हणून घ्यायलाही हरकत नाही. तसं काहीच नसेल तर आठवडे शेवटाला राखून ठेवा, आणि आत्ता साहेबांकडे खुर्ची मागा.